दीड मिलिमीटर

मुंजाबा गडदेनं बिघडलेला भाग कधी जपून ठेवला नाही. उस्मानपुऱ्यातल्या घराच्या मागच्या खोलीत त्याचं कामाचं टेबल होतं. टेबलाला जड लोखंडी व्हाइस जखडलेला होता, आणि पितळेचा एखादा दांडा, एखादी कडी मापात केसभर चुकली की तो ती व्हाइसच्या जबड्यात धरून आवळत न्यायचा. चार दिवसांची मेहनत कर्रकन चपटी व्हायची. म्हाळसाबाई, त्याची बायको, स्वयंपाकघरातून तो आवाज ऐकायची आणि विचारायची, “मेलं का आज बी एक?” बाहेरचे लोक याला निष्ठा वगैरे म्हणायचे. म्हाळसाबाई खोड म्हणायची, आणि चाळीस वर्षं संसार तिनं केला होता, लोकांनी नव्हे.

ही खोड वाळूजची. वाळूजच्या एका कारखान्यात मुंजाबानं चौतीस वर्षं टूलरूममध्ये काढली. बाकीचा कारखाना माल काढतो. टूलरूम त्या मालाचे साचे आणि तो माल तपासायची गेजं बनवते. गेज म्हणजे पोलादाचा एक ठोकळा किंवा पट्टी. भाग त्यात बसला तर पास, नाही बसला तर रिजेक्ट, मधलं काही नाही. तिथला दस्तूर असा, की रिजेक्ट झालेल्या भागावर लाल रंगाचा फराटा ओढायचा आणि तो तिथल्या तिथं मोडून टाकायचा. नुसता बाजूला ठेवला तर शिफ्ट सुटायच्या घाईत कुणीतरी तो हळूच चांगल्या मालात सरकवणार, हे ठरलेलं. मुंजाबाच्या टेबलावर लाल रंगाचा डबा कायम उघडा असायचा. पोरं त्याला माघारी ‘लाल गडदे’ म्हणायची. निवृत्तीच्या दिवशी हार, शाल आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. घड्याळ रोज दोन मिनिटं मागं पडतं असं दिसल्यावर त्यानं ज्यांनी ते दिलं त्यांना फोन करून तसं कळवलंही.

निवृत्तीनंतर त्याला इंजिन बनवायचं होतं. वाफेचं, मीटरगेजच्या लहान गाडीचं, खऱ्याच्या विसाव्या हिश्शाएवढं. मुंजाबाचा बाप मेंढरं राखायचा, आणि लासूरच्या बाजूला ती मेंढरं रुळाच्या कडेकडेनं चरायची. शाळेत नाव घालायच्या आधीपासून मुंजाबाला इंजिनाच्या आवाजावरून कळायचं, गाडी भरलेली आहे की रिकामी. पुढं मोठी लाइन आली, लहान इंजिनं भंगारात गेली आणि गावोगाव पेढे वाटले गेले. त्यानं पेढा खाल्ला नाही. तो राग त्यानं पंचवीस वर्षं पोटात ठेवला आणि सुट्टी मिळाल्यावर पितळेत उतरवायला घेतला.

शहरातल्या एका कचेरीच्या आवारात तसलं एक इंजिन शोभेला उभं केलेलं होतं. दरवर्षी झेंडावंदनाच्या आधी त्याला काळा रंग फासायचे आणि चाकांच्या कडा पांढऱ्या करायचे. मुंजाबानं अर्ज केला, परवानगी काढली, आणि एकेचाळीस रविवार तो त्या इंजिनाच्या पोटाखाली गेला. सोबत टेप, व्हर्नियर आणि दोनशे पानी वही. त्याची मुलगी सत्यशीला पुण्यात डिझाइनचं काम करते. ती म्हणाली, “बाबा, या इंजिनांची मूळ ड्रॉइंग्ज मिळतात. कुणीतरी स्कॅन करून ठेवलीत. काढून देऊ?”

“कागद कुणी काढला, कुणाला ठावं,” मुंजाबा म्हणाला. “इंजिन समोर उभं हाय. म्या त्यालाच इचारतो.”

हे वाक्य त्याला स्वतःलाच इतकं आवडलं की पुढं वर्षभर तो ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत असे.

इंजिनाला साडेपाच वर्षं लागली. बाजारातल्या तयार गाड्यांचं त्याला वावडं होतं. दिसायला रिव्हेट, पण असतो नुसता साच्यातला फुगवटा, असं तो म्हणायचा. त्यानं अकराशे रिव्हेट एकेक करून ठोकले. पाहणाऱ्याला जे कधीच दिसणार नव्हतं ते ब्रेकचे दांडे, राखेची पेटी, पोटाखालचे पाइप, सगळं त्यानं तितक्याच इमानानं केलं. डाव्या बाजूचा मधला कनेक्टिंग दांडा सहा वेळा व्हाइसमध्ये गेला. सातवा लागला तेव्हा तो हसला नाही, फक्त म्हाळसाबाईला चहा टाकायला सांगितलं.

त्या मोजमापाच्या रविवारांतच त्याला बद्रीनाथ औताडे भेटला होता. कुंपणापलीकडं एक उंच, पाठीत वाकलेला माणूस अर्धा तास उभा राहून बघत होता. शेवटी आत आला, इंजिनाच्या चाकावर बोटाच्या पेरानं टकटक केलं, कान लावला आणि म्हणाला, “मेलंय बिचारं.” औताड्यांचं घर शेतीवाडीचं, तिघं भाऊ गावी जमिनीवर, हा एकटाच रेल्वेत गेला. गाडी थांबली की हातोडी घेऊन चाकं वाजवत जाणारा, डब्याखाली शिरून स्प्रिंगा आणि बफर बघणारा माणूस असतो, तो बद्रीनाथ. एकतीस वर्षं त्यानं हेच केलं, आणि मीटरगेज जसजसं मागं सरकत गेलं तसतशी त्याच्या मागं बदली मागत गेला. आता छावणी भागात दोन खोल्यांच्या घरात बायको सत्यभामेबरोबर राहायचा आणि वेळ जात नाही म्हणून सागवानाचे पाट-देव्हारे करायचा. मुंजाबाचा बेत ऐकून तो एवढंच म्हणाला, “डबे म्या करतो.”

दोघांची कामाची तऱ्हा म्हणजे एक पूर्वेला, एक पश्चिमेला. मुंजाबा आधी मोजायचा, मग कापायचा, मग पुन्हा मोजायचा. बद्रीनाथ डोळे मिटून बसायचा. मग उठून पेन्सिलीनं सागाच्या फळीवर रेघा मारायचा, आणि त्या खिडक्या, ती पट्ट्यांची बाकडी, त्या वरखाली होणाऱ्या लाकडी झडपा अशा यायच्या की मुंजाबाला वहीत डोकं घालून बसावं लागे, म्हणजे चेहरा दिसू नये. तोंडानं त्यानं कधी ‘छान’ म्हटलं नाही. टूलरूममध्ये छान नसतं, पास असतं.

डबा इंजिनाला जोडायचा तर दोघांचे मधले बफर, म्हणजे टोकाला धक्का झेलणारे लोखंडी ठोकळे, एका उंचीवर हवेत. मुंजाबानं पोलादाची पट्टी कापून त्याचं गेज बनवलं. पट्टी रुळावर उभी केली की तिच्यावरची बारीक रेघ बफरच्या बरोबर मध्याशी यायला हवी. दोन गेजं केली, एक स्वतःला, एक बद्रीनाथला. इंजिन रेघेला चिकटून बसलं. बद्रीनाथचा पहिला डबा बसला रेघेच्या दीड मिलिमीटर वर.

“वर हाय,” मुंजाबा म्हणाला.

“वर नाय. बरोबर हाय. तुपलं इंजिन खाली बसलंय. त्या कचेरीतल्या इंजिनाची चाकं खाल्लेली हायत. चाक झिजलं की गाडी खाली येती, मंग स्प्रिंगाखाली पॅकिंग टाकून उचलावी लागती. म्या जलमभर तेच केलं. आता त्याला मेल्यावर कोण उचलणार?”

“किती खाली बसलंय? आकडा सांग.”

बद्रीनाथनं हवेत तळहात आडवा धरला आणि जरासा वर नेला. “एवढं.”

“एवढं म्हंजी किती?”

“हाताला कळतं ते आकड्यात कसं सांगू, मुंजाबा?”

“आकडा नसंल तर बोलू नको. सहाची सहा चाकं म्या मोजलीत. एकसारखी भरलीत. झीज आसती तर फरक आला नसता का?”

बद्रीनाथनं मान हलवली. होकार होता की कंटाळा, कोण जाणे. “बरं, पुढचा बघतो,” म्हणाला. दुसरा डबा आला, तोही दीड मिलिमीटर वर. तिसरा आला, तोही तेवढाच. दर वेळी बद्रीनाथ म्हणायचा की या वेळी ध्यान ठेवतो, आणि दर वेळी त्याचा हात त्याच उंचीवर जाऊन थांबायचा. मुंजाबाच्या मनात आता अढी बसली होती. हा माणूस हट्टानं करतोय, असं त्याला वाटायला लागलं. स्वतःच्या हट्टाचा विचार करायची त्याला सवयच नव्हती.

बावीस सालच्या फेब्रुवारीत एका इंजिनिअरिंग कॉलेजात हौशी कारागिरांचं प्रदर्शन भरलं. चौथा डबा बद्रीनाथनं थेट तिथंच आणला. गार्डाचा डबा, चौदा महिन्यांचं काम. आत गार्डाची खुर्ची, कंदील टांगायची कडी, कागद ठेवायचा कप्पा, आणि मागच्या दाराला खरीखुरी कडी लागणारी. सत्यभामा नवी साडी नेसून आली होती. टेबलाभोवती पोरं-मास्तर असे तीसेक लोक जमले होते. मुंजाबानं खिशातून गेज काढलं, रुळावर उभं केलं आणि वाकून पाहिलं.

“रिजेक्ट,” तो म्हणाला.

“मुंजाबा, राहू दे आज,” बद्रीनाथ हळूच म्हणाला. “लोक हायत.”

लोक आहेत म्हणूनच मुंजाबाला चेव आला. इंजिनाच्या रंगाला कुठं टवका उडाला तर असावेत म्हणून त्यानं सोबत रंगाचे डबे आणले होते. काळा, पांढरा, आणि बफरच्या पट्टीसाठीचा लाल. त्यानं लाल डब्यात ब्रश बुडवला आणि गार्डाच्या डब्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, खिडक्यांवरून, झडपांवरून, एक फराटा ओढला. “आमच्याकडं चुकलेल्या मालाला हे करत्यात,” तो जमलेल्यांना समजावून सांगितल्यासारखं बोलला. मागं कुणीतरी हसलं. बहुतेकांना वाटलं, हा प्रदर्शनातलाच काही प्रकार असेल.

बद्रीनाथ हसला नाही आणि चिडलाही नाही. खिशातला रुमाल काढून त्यानं ओला रंग पुसायला घेतला, पण सागवानावर पॉलिश होतं आणि झडपांच्या फटींत रंग शिरला होता. पुसेल तसा तो पसरत गेला. मग त्यानं पुसायचं थांबवलं. सत्यभामेनं पिशवीतून चादर काढून दिली. दोघांनी मिळून चारही डबे त्यात बांधले आणि ती दोघं निघून गेली. जाताना बद्रीनाथ म्हणाला, “बरं.” पुढची तीन वर्षं त्या दोघांत झालेलं बोलणं म्हणजे हा एवढाच शब्द.

म्हाळसाबाईनं त्या दिवशी घरी नवऱ्याला ताट वाढलं आणि समोर न बसता उठून गेली. “माणूस होता तो तुमचा,” ती दारातून म्हणाली. “तुमच्या व्हाइसमधला जॉब नव्हता.” मुंजाबा म्हणाला की माप ते माप. पुढं तिनं हा विषय काढला नाही. रविवारी मात्र ती दोन कप चहा करायची, एक त्याच्यापुढं ठेवायची आणि बद्रीनाथच्या वाट्याचा दुसरा त्याच्या देखत मोरीत ओतायची. असं तिनं सहा महिने केलं.

चोवीस सालच्या दसऱ्याच्या आधी मुंजाबा पुन्हा त्या कचेरीत गेला. जानेवारीत पुण्याला मोठं प्रदर्शन होतं आणि त्यात त्याचं इंजिन एकटंच, डब्यांशिवाय, निवडलं गेलं होतं. ब्रेकच्या एका साखळीबद्दल त्याला शंका होती, तेवढी निरसायची होती. त्या वर्षी पाऊस फार झाला होता. इंजिनाच्या चाकांवरचा पांढरा रंग, वर्षानुवर्षांचे थरावर थर, पापुद्र्यानं सुटून लोंबत होता. मुंजाबानं सहज नखानं एक पापुद्रा ओढला. खाली लोखंड दिसलं, आणि लोखंडात चाकाच्या कडेनं गोल फिरलेली एक बारीक खाच.

तो माणूस टूलरूमचा. खाच कशाची, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. चाकाची धाव इथपर्यंत झिजली की चाक काढून टाकायचं, अशी ती हद्दीची खूण असते. आणि धाव त्या खाचेला टेकली होती. त्यानं दुसऱ्या चाकाचा रंग खरवडला, तिसऱ्याचा, सहाव्याचा. सगळी हद्दीला आलेली, सगळी एकसारखी, कारण सहाही एकाच वेळी कातून बसवली होती आणि एकाच वेळी झिजली होती. म्हणजे एकेचाळीस रविवार, दोनशे पानं आणि साडेपाच वर्षं लावून मुंजाबानं ज्याची तंतोतंत नक्कल केली होती ते इंजिन स्वतःच रिजेक्ट होतं. त्यानं काही चुकीचं मोजलं नव्हतं. झिजलेली वस्तू त्यानं अगदी अचूक मोजली होती.

मग त्याला दुसरी गोष्ट आठवली, आणि तिथंच चौथऱ्याला पाठ लावून तो खाली बसला. टूलरूममध्ये नव्या पोरांना तो पहिल्या दिवशी एक नियम शिकवायचा. एक भाग चुकला तर हात बघा. पण सगळे भाग एकसारखे, एकाच बाजूला, तेवढेच चुकत असतील तर हात सोडा आणि गेज तपासा. चौतीस वर्षं त्यानं हे घोकवून घेतलं होतं. बद्रीनाथचे चार डबे, वर्षा-वर्षाच्या अंतरानं केलेले, हातानं, डोळ्यानं, चारही तेवढेच दीड मिलिमीटर वर. पहिल्या वर्षाच्या अप्रेंटिसला जे कळलं असतं ते मुंजाबाला कळलं नव्हतं, कारण गेज त्याचं स्वतःचं होतं.

घरी येऊन त्यानं सत्यशीलेला फोन केला आणि ड्रॉइंग मागवलं. तिनं दहा मिनिटांत पाठवून दिलं, म्हणजे ते तिच्याजवळ केव्हाचंच होतं. नवं चाक आणि झिजलेलं चाक, त्यात खचलेल्या स्प्रिंगा, सगळं मिळून बफर खाली आलेला तीन सेंटिमीटर. विसानं भागलं की दीड मिलिमीटर.

त्याच दिवशी रिक्षा करून छावणीला जायला हवं होतं. वीस मिनिटांचा रस्ता. मुंजाबा गेला नाही. आधी म्हणाला, नीट खात्री करून घेऊ. खात्री झाली. मग म्हणाला, दिवाळी होऊन जाऊ दे, सणासुदीला नको. दिवाळी झाली. खरं कारण त्याला पक्कं माहीत होतं. बद्रीनाथला सांगितलं की इंजिन चुकलेलं ठरणार, आणि चुकलेलं इंजिन पुण्याला घेऊन जाणं त्याच्या तत्त्वात बसणार नव्हतं. तेव्हा आधी पुणं. याला भित्रेपणा म्हणतात, त्याला दुसरं नाव नाही, आणि असला भित्रेपणा मुंजाबानं दुसऱ्या कुणात पाहिला असता तर त्याची सालटी काढली असती.

पुण्यात त्याला पहिलं मानचिन्ह मिळालं. परीक्षकांनी माइकवर सांगितलं की मापाची अशी शुद्धता त्यांनी पाहिली नव्हती. टाळ्या वाजल्या. मुंजाबानं मान खाली घालून ते घेतलं, आणि लोकांना वाटलं, केवढा विनम्र माणूस.

फेब्रुवारीत एका दुपारी तो छावणीत बद्रीनाथच्या दारात उभा राहिला. बद्रीनाथ ओसरीत बसला होता. चष्म्याची भिंगं जाड झाली होती आणि समोरच्याकडं बघताना तो मान तिरपी करायचा. “ये,” म्हणाला, जणू मागच्या रविवारीच भेट झाली होती. सत्यभामा आतल्या दाराशी आली, पाहिलं आणि तिथंच उभी राहिली.

मुंजाबानं रस्ताभर एक वाक्य घोकलं होतं. ते तोंडातून निघायच्या आधीच बद्रीनाथ भिंतीला हात लावत उठला. “थांब, आधी हे बघ,” म्हणत त्यानं खणातून तीन डबे आणले आणि खिडकीखालच्या फळीवर जोडलेल्या रुळावर मांडले. मग कपड्यात गुंडाळलेलं मुंजाबाचंच गेज काढून त्याच्या हातात दिलं. “तपास.”

मुंजाबानं वाकून पाहिलं. रेघ बफरच्या बरोबर मध्याशी. दुसऱ्याची तशीच, तिसऱ्याची तशीच.

“उतरवले दीड मिलिमीटर,” बद्रीनाथ म्हणाला. त्याच्या आवाजात अभिमान होता, तो मुंजाबाला सोसेना. “चाकावरचे ठोकळे काढून तासले. दीड वर्स गेलं, डोळे साथ देईनात. तुझं खरं व्हतं, मुंजाबा. म्या लई इचार केला. एक डबा चुकला आसता तर म्हणलो आसतो हात चुकला. चारी तेवढेच चुकले, म्हंजी मपली नजरच वर बसलेली. एकतीस वर्सं म्या वरच बघत आलो आसन. कुणी सांगितलं नाय. तू सांगितलंस.”

“आन् चौथा?”

“तो मोडला. तुमच्यात मोडत्यात ना.”

मुंजाबाला क्षणभर वाटलं, गप्प बसावं. डबे पास आहेत म्हणावं, चहा घ्यावा, पुढच्या रविवारी इंजिन घेऊन यावं, आणि गाडी जोडून टाकावी. सोपं होतं. पण समोरचा माणूस त्याचे आभार मानत होता, आणि ते ऐकून घ्यायची ताकद त्याच्यात उरली नव्हती.

“बद्री,” तो म्हणाला, “गेज चुकीचं हाय.”

बद्रीनाथनं मान तिरपी केली.

“त्या इंजिनाची चाकं हद्दीपोत्तर झिजलेली हायत. रंगाखाली खाच हाय. ड्रॉइंग मागवलं. तीन सेंटिमीटर खाली बसलंय ते. तू म्हणला व्हतास तेवढंच.”

“म्हंजी डबे बरोबर व्हते.”

“व्हय.”

“चारी?”

“चारी.”

बद्रीनाथ खाली बसला. त्यानं आपला उजवा तळहात आडवा धरून त्याच्याकडं पाहिलं. मुंजाबाला वाटलं होतं, तो शिव्या देईल, किंवा निदान सुखावेल. त्यातलं काही झालं नाही.

“कव्हा कळलं?” त्यानं विचारलं.

मुंजाबाला खोटं बोलता आलं नाही. “दसऱ्याच्या आधी.”

“आता शिवरात आली,” बद्रीनाथ म्हणाला.

“म्या नवं इंजिन करतो, बद्री. पहिल्यापासून. ड्रॉइंगवरून.”

“कर. वय काय तुपलं?” उत्तराची वाट न पाहता त्यानं एकेक डबा उचलून मुंजाबाच्या पिशवीत ठेवायला सुरुवात केली. हळूच ठेवत होता, झडपांना धक्का लागणार नाही असा. “हे घेऊन जा. हे आता तुपल्याच इंजिनामागं लागत्याल. दुसऱ्या कशाला लागायचे नायत. मला डोळे नायत पुन्हा उचलायला.” तिसरा डबा ठेवून झाल्यावर तो भिंतीला हात लावत आत गेला आणि आतलं दार ओढून घेतलं.

मुंजाबा पिशवी घेऊन पायऱ्या उतरला. सत्यभामा त्याच्या मागोमाग फाटकापर्यंत आली. तिचा स्वर चढलेला नव्हता. पाहुण्याला सोडायला आल्यासारखीच ती आली होती.

“भाऊजी, दिवाळी झाल्यावर ह्यांना पत्र आलं व्हतं,” ती म्हणाली. “रेल्वेच्या एका कारखान्यातून. मीटरगेजचा जुना डबा सापडलाय, तो पुन्हा उभा करायचाय, आन् त्या डब्यांवर हात चाललेला माणूस कुणी उरला नाय. ह्यांना बोलावलं व्हतं. जायला-यायला गाडी, ऱ्हायला जागा. डोळं नसले तरी चालंल म्हणले, शेजारी बसून सांगा, करणारे करतील.”

“मंग?”

“मंग काय. ह्यांनी नाय म्हणून लिवलं. मला म्हणले, मपली नजर चुकीची हाय, मुंजाबानं मोजून दावलंय, म्या जाऊन खऱ्या गाडीत चूक कामून सोडू? म्या लई इनवलं. नाय म्हणजे नाय. मागच्या महिन्यात कळलं, त्यांनी दुसऱ्या कुणाला घेऊन डबा उभा केला बी.”

मुंजाबा फाटकाची कडी धरून उभा राहिला. रस्त्यावरून शाळेच्या रिक्षा चालल्या होत्या.

“चुकतं माणूस, भाऊजी, त्याचं म्या काय म्हणत नाय,” सत्यभामा म्हणाली. “पर तुमाला दसऱ्याला कळलं, आन् पत्र आलं दिवाळीनंतर. तुमी मधी कव्हा बी आले आसते तर ह्ये गेले आसते. तुमी थांबले कशापायी, तेवढं सांगा.”

ती खरोखरच विचारत होती, आणि उत्तर मिळेपर्यंत आत जाणार नव्हती. मुंजाबाजवळ उत्तर होतं. ते एका शब्दाचं होतं, पुणं, आणि तो शब्द सांगायचा सोडून तो पिशवीतले डबे सरळ करत राहिला.